‘व्हतं’ आणि ‘होते’

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत की आजी आता गुरुवारी डोंगरावरच्या शाळेत का जात नाही. मी म्हटलं, शाळा बंद झाली. धाकटीने विचारलं, ‘म्हणजे रंग देतायत का?’ मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. क्रमाने लिहिते, म्हणजे तुम्हाला मध्येच कुठे अडायला नको.

घोडेगावहून एस.टी.ने तळेघरला उतरलं की डांबरी रस्ता सोडून एक पायवाट खाली वाडीकडे जाते. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं आणि वरच्या उतारावर नाचणी. शाळा म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढे फरशीचा ओटा. हिरड्याच्या दिवसांत वाडीतले लोक त्या ओट्यावर हिरडा वाळत घालायचे आणि मुलं कडेकडेने पाय टाकत वर्गात शिरायची. पहिली ते चौथी मिळून एकच शिक्षिका. ती घोडेगावच्या हायस्कुलात माझी विद्यार्थिनी होती. मी निवृत्त झाल्यावर तिनेच मला गळ घातली की गुरुवारी येऊन मुलांना थोडं इंग्रजी सांगा. ती मला बाई म्हणायची, मुलं तिला बाई म्हणायची, त्यामुळे वाडीत मी ‘मोठ्या बाई’ झाले.

तिसरीत एक मुलगी होती. आई-बाप दिवसभर रानात, त्यामुळे आजीच्या मांडीवर गोष्टी ऐकत वाढलेली. तिचं वाचन मला फार आवडायचं. पुस्तकात लिहिलेलं असायचं, ‘एका गावात एक म्हातारी होती. तिच्या दारात आंब्याचे झाड होते.’ ती बोट ठेवून वाचायची, ‘येका गावात येक म्हातारी व्हती. तिच्या दारात आंब्याचं झाड व्हतं.’ मग थांबायची आणि विचारायची, ‘दारात हिरडा न्हवता का तिच्या?’ पुस्तकातली अक्षरं तिच्या डोळ्यांतून आत जाऊन घरच्या बोलीत बाहेर यायची. मी इतकी वर्षं भाषा शिकवली. वाचता येणं म्हणजे हेच, असं मी आजही म्हणेन.

मग वाचन तपासणारं ते ॲप आलं. सरकारी शाळा सुधारायचं काम कुठल्याशा कंपनीला मिळालं होतं. दर महिन्याला प्रत्येक मुलाने मोबाईलसमोर एक उतारा वाचायचा, मोबाईल ऐकणार, बरोबर शब्द हिरवा, चुकलेला लाल. शेवटी मुलाची पातळी ठरणार, मुलांवरून शाळेची, आणि ती तालुक्याच्या कार्यालयातल्या पडद्यावर दिसणार. कंपनीचा एक तरुण गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवून आला आणि ओट्यावर जमलेल्या आयाबायांना त्याने अध्ययन निष्पत्ती म्हणजे काय, कुठल्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं, ते समजावलं. त्या मुलीची आजी मागे हिरडा निवडत बसली होती. ती शेजारणीला म्हणाली, ‘निष्पत्ती का विपत्ती, काय म्हनला गं त्यो?’ बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तोही हसला. स्वभावाने चांगला मुलगा होता.

पहिल्यांदा त्याच मुलीला बसवलं, कारण बाईंना वाटलं ही सगळ्यात छान वाचते. तिने म्हातारीचा उतारा वाचला, तिच्या पद्धतीने. मी तिच्या मागे उभी होते. पडद्यावर ‘होती’ लाल झालं, ‘होते’ लाल झालं, ‘एका’ लाल झालं. हिरड्याबद्दल तिने जे विचारलं तेसुद्धा मोबाईलने चूक म्हणून मोजलं. शेवटी लिहून आलं की मुलगी अक्षर पातळीवर आहे, म्हणजे तिला शब्द वाचता येत नाहीत. तिच्या मागून चौथीतला एक मुलगा बसला. त्याला वाचलेल्यातलं काही कळायचं नाही, पण अक्षराला अक्षर लावून तो यंत्रासारखा वाचायचा. त्याचं सगळं हिरवं झालं.

मग मी स्वतः वाचून पाहिलं. पुस्तकातल्यासारखं ‘होते’ म्हटलं, म्हणून हिरवं झालं. घरी मी ‘होतं’ म्हणते, इथे लिहितानाही ‘होतं’च लिहिते आहे. तसं म्हटलं असतं तर बहुधा माझंही लाल झालं असतं.

हे तुम्हाला तेव्हा फोनवर सांगितलं होतं, आठवतं का? थोरला म्हणाला होता, ‘आजी, सेटिंगमध्ये ॲक्सेंट बदलता येत नाही का?’ मी त्या तरुणाला तेच विचारलं. त्याने वहीत लिहून घेतलं आणि वर कळवतो म्हणाला.

पुढच्या काही महिन्यांत आमची शाळा पडद्यावर लालच राहिली. केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्यांनी, येऊन बाईंना बाजूला घेतलं. पटसंख्या आधीच कमी, त्यात निकाल असा. असंच राहिलं तर ही वाडीची शाळा मोठ्या समूह शाळेत मिळवायच्या यादीत जाईल, असं ते म्हणाले. समूह शाळा ओढ्यापलीकडे, घाट उतरून. बाई त्या दिवशी माझ्याबरोबर एस.टी.च्या थांब्यापर्यंत आली.

त्यानंतर वर्गातल्या गोष्टी थांबल्या. सकाळी प्रार्थना झाली की मुलं टाळ्या वाजवत म्हणायची, ‘होता, होती, होते.’ दुपारीही तेच. माझा इंग्रजीचा तासही बाईंनी मागून घेतला, आणि मी दिला. तिने पालकांना बोलावून सांगितलं की घरीसुद्धा मुलांशी शुद्ध बोला. सांगताना ती खाली बघत होती, कारण ती पलीकडच्याच गावातली, तिची आईही ‘व्हतं’च म्हणते. मुलीच्या आजीने शांतपणे विचारलं, ‘बाई, मंग आमी घरात बोलायचंच न्हाई का?’

एक माणूस म्हणाला, ‘राव, आपल्या बोलन्याला आता शाळंत पन जागा न्हाई.’ त्यावरून बोलणं वाढलं आणि त्याच बैठकीत ठरलं की वर्षअखेरच्या मोठ्या चाचणीच्या दिवशी एकाही मुलाला पाठवायचं नाही. आक्षेपाचा अर्ज मी लिहायचा. मी मराठीत लिहिला आणि वरच्यांसाठी इंग्रजीतही. लिहिताना मला खरोखर वाटत होतं की गोष्ट इतकी साधी आहे, कुणीही वाचली तरी समजेल.

आम्ही सहाजण पंचायत समितीत गेलो. तिथल्या शिक्षण विभागाच्या साहेबांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला, अर्ज पूर्ण वाचला. मग म्हणाले, ‘बाई, मोबाईलला गाव कळत नाही, घर कळत नाही. सगळ्यांना एकच माप. याहून न्याय्य काय असणार?’ मी म्हटलं, त्याला गाव कळत नाही हीच तर तक्रार आहे. ते हसले. ‘तुम्ही इंग्रजी शिकवायचात. तेव्हा उच्चार तपासत नव्हतात?’ मी सांगितलं की तपासत होते, पण आधी मुलाला अर्थ विचारत होते. त्यांनी मान डोलावली आणि अर्जावर आवक शिक्का मारायला सांगितला. निघताना मुलीच्या आजीने त्यांना विचारलं, ‘सायेब, तुमी कुठलं?’ ते जुन्नर तालुक्यातले निघाले, खोडदच्या बाजूचे. ‘मंग तुमची आई काय म्हनती, व्हतं का होते?’ साहेब या वेळी मोकळेपणाने हसले आणि त्यांनी पुढची फाईल उघडली. परतीच्या गाडीत आमची माणसं साहेबांच्या चहाचं कौतुक करत होती. आमच्या अर्जाचं पुढे काही होणार नाही, हे मला कळून चुकलं होतं.

बहिष्कार टिकला नाही. चाचणीच्या आदल्या दिवशी केंद्रप्रमुख वाडीत घरोघर फिरले. मुलं आली नाहीत तर शाळेला शून्य पडेल आणि शून्य म्हणजे शाळा गेलीच, एवढंच ते सांगत होते. खोटं बोलत नव्हते. सकाळी एक आई मुलाला घेऊन आली, तिच्या मागून दुसरी, आणि थोड्या वेळात ओटा भरला. मी कुणाला अडवलं नाही. शाळा वाचवायलाच बहिष्कार होता आणि शाळा वाचवायलाच तो मोडला. यात कुणाला काय म्हणणार? आजी नातीला घेऊन सगळ्यांच्या शेवटी आली. ओट्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, ‘जा, त्याला पायजे तसं बोल.’

मुलीने वाचलं. ‘एका गावात एक म्हातारी होती. तिच्या दारात आंब्याचे झाड होते.’ कुठे थांबली नाही, काही विचारलं नाही. सगळं हिरवं. जवळजवळ सगळ्याच मुलांचं हिरवं झालं. कंपनीच्या त्या तरुणाने मुलांना चॉकलेटं वाटली आणि ओट्यावर उभं करून फोटो काढला. बाई रडली. मला वाटलं, आनंदाने; तिलाही बहुधा तसंच वाटलं असावं.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडायच्या आधी आदेश आला. पटसंख्या कमी असल्याने शाळा समूह शाळेत समाविष्ट. मी बाईंबरोबर पुन्हा साहेबांकडे गेले आणि म्हटलं, आमचा निकाल तर हिरवा आहे. ते म्हणाले, ‘म्हणूनच काळजी नाही. तुमची मुलं आता कुठेही टिकतील.’ त्यांनी पडदा आमच्याकडे वळवून दाखवला. आमच्या शाळेच्या नावापुढे हिरवा ठिपका होता आणि त्यापुढे नवा शब्द, ‘समायोजित’, म्हणजे दुसऱ्या शाळेत मिळवलेली. बाई खुर्चीतून उठली आणि नमस्कार न करता बाहेर गेली. तिची बदली आता बोरी बुद्रुकच्या बाजूला झाली आहे, उसाच्या आणि बागायतीच्या गावात. शाळा मोठी आहे. फोन केला की बरं चाललंय म्हणते.

मुलांना न्यायला जीप देऊ म्हणाले होते. आलीही काही दिवस. पाऊस लागला, ओढा भरला, तेव्हा जीप तळेघरलाच थांबू लागली, मग येईनाशी झाली. मोठे मुलगे चालत जातात. काहींना आश्रमशाळेत घातलं. लहान मुली घरी आहेत. पुढच्या वर्षी जरा मोठ्या झाल्या की जातील, असं त्यांच्या आया सांगतात, आणि मी ते ऐकून घेते.

पाऊस उघडल्यावर मी एकदा वाडीत गेले. शाळेच्या दाराला कुलूप होतं आणि ओट्यावर कुणाची तरी शेळी बांधलेली होती. मुलगी घरीच होती, धाकट्या भावाला कडेवर घेऊन. मला बघून आजीला बरं वाटलं. चुलीपुढून उठत ती नातीला म्हणाली, ‘मोठ्या बाईस्नी वाचून दाव की.’

मुलीने भावाला खाली ठेवलं, फडताळातून पुस्तक काढलं, माझ्यासमोर ताठ बसली आणि वाट बघत राहिली. मी म्हटलं, वाच ना. ती म्हणाली, ‘मोबाईल?’

मी सांगितलं की मोबाईल नको, मीच ऐकते. तिला ते पटलं नाही. तिने माझ्या पिशवीकडे बोट केलं. शेवटी मी माझा फोन काढून तिच्यापुढे पाटावर ठेवला. तो बंदच होता, पण तिला ते चाललं. त्याच्याकडे बघत तिने म्हातारीचा उतारा सुरू केला. एकाही शब्दाला अडखळली नाही. तिचं बोट आता ओळीवरून फिरत नव्हतं. पुस्तक मांडीवर होतं आणि बहुतेक वेळ ती त्यात बघतही नव्हती. संपल्यावर तिने फोनकडे वाकून पाहिलं.

मी विचारलं, ‘मग? काय झालं त्या म्हातारीचं?’

तिने माझ्याकडे पाहिलं. ‘कोन्च्या म्हातारीचं?’ म्हणाली.

आजी चहा घेऊन आली. नातीच्या डोक्यावरून हात फिरवत मला म्हणाली, ‘वाचती मातर लई झ्याक.’ मी हो म्हटलं, चहा प्यायले आणि शेवटची गाडी चुकायला नको म्हणून निघाले.