हेलियमचे ७९

"मॅडम, प्रश्नात २४.६ देलं होतं. तुमच्या उत्तरात ते लागतच नाही, तर देलं कावून?"

साक्षीने पेपर माझ्या टेबलावर ठेवला. ती वलगावहून एसटीने अमरावतीला आमच्या कोचिंग क्लासमध्ये येते. प्रश्न होता, हेलियमच्या अणूतून दोन्ही इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा लागेल? तिचं उत्तर ७९. आन्सर-कीमध्ये १०८.८. की मी तपासली होती. खाली माझी सही होती.

हिशेब सोपा आहे. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत असतात, म्हणून पहिला त्यातल्या त्यात सहज निघतो. त्याला २४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. उरलेल्याला ढकलणारं कोणी नसतं, त्याला ५४.४ लागतात. बेरीज ७९. पण क्लासमध्ये आम्ही एकच शॉर्टकट पाठ करून घेतो: १३.६ गुणिले अणुक्रमांकाचा वर्ग. तो अणूत एकच इलेक्ट्रॉन उरलेला असेल तेव्हाच चालतो. मी ५४.४ काढलं आणि सरळ दुप्पट केलं.

त्या टेस्टवर टॉप बॅच ठरणार होती. पहिले चाळीस. चुकीच्या उत्तराला मार्क कापले जायचे. साक्षी त्रेचाळिसावी होती.

मी क्लास चालवणाऱ्या सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, की दुरुस्त केली तर ती आत येते."

"अन् ज्यायनं १०८ लिहिलं त्यायचे मार्क कापू? त्यायचे मायबाप उद्या इथं उभे राहतीन. बोनस देऊन टाका सगळ्यायले."

"पण बोनसने तिचा नंबर..."

"मॅडम, कीवर सही कोणाची हाय?"

मी बाहेर आले. मला वाद घालता येत नाही, असं मी नेहमी सांगते. त्या दिवशी मला तो घालायचाही नव्हता.

नोटीस बोर्डवर लागलं: प्रश्न ३१, बोनस. कारण लिहिलं नव्हतं. साक्षी एक्केचाळिसावी आली.

महिन्याभराने तिला मिळालेल्या खालच्या बॅचच्या टेस्टमध्ये मी तोच प्रश्न मुद्दाम टाकला. यावेळी की बरोबर होती. साक्षीने प्रश्न सोडून दिला होता. रफच्या पानावर मात्र ७९ लिहिलेलं होतं.

"येत होतं ना तुला?"

"येत होतं न. पण चुकलं तरी मार्क कटते, बरोबर आलं तरी कटते. मंग लिहू कायले?"

आता सही करण्याआधी मी प्रत्येक गणित पूर्ण सोडवते. एका प्रश्नाला दोन मिनिटं जास्त लागतात.