खिळ्यावरचं हँडल

माझ्या बायकोच्या शेवटच्या आजारपणाबद्दल आमच्या गावात एक हकीकत सांगितली जाते. वीज गेली, जनरेटरचं हँडल खिळ्याला डोळ्यांसमोर लटकत होतं, आणि घाबरलेल्या सुनेला ते दिसलं नाही. ही हकीकत खोटी आहे. ती मी तयार केली आणि इतकी वर्षं चालू दिली.

बायकोची फुप्फुसं साथ देईनात, तेव्हा डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. ते विजेवर चालायचं आणि तिच्या पलंगाशेजारी दिवसभर घुरघुरत राहायचं. आमचं गाव वसईच्या खाडीच्या अंगाला आहे. विजेच्या तारा माडांमधून गेलेल्या. जरा वारा सुटला की झावळी तारेवर पडते आणि वीज जाते. अडीअडचणीला एक छोटा सिलिंडर होता, पण तो जेमतेम तासभर पुरायचा. म्हणून जनरेटर घ्यायचं ठरलं.

विरारच्या दुकानात मी आणि सून गेलो. काय काय चालवायचं ते तिने घरूनच कागदावर लिहून आणलं होतं: आईंचं मशीन, फ्रिज, दोन पंखे, चार दिवे. दुकानदाराने एक लहान, पेट्रोलवरचा जनरेटर पुढे केला. बटण दाबलं की सुरू.

"बाबा, हाच घेऊ," सून म्हणाली. "घरात कुणी नसलं तर आईंनाही बटण दाबता येईल."

यावर वाडीचा पंप चालेल का, असं मी विचारलं. दुकानदार हसला. म्हणाला, "काका, घराचं घराला ठेवा. पंपाला यात ओढू नका."

त्याचं हसणं मला लागलं. मी मोठा डिझेलचा जनरेटर पसंत केला. तो हँडल मारून सुरू करावा लागे. आयुष्यभर इंजिनं फिरवली, आता काय बटणं दाबत बसू, असं मी दुकानात मोठ्याने म्हणालो. सुनेने कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

खरं कारण पंपही नव्हतं. आमच्याकडे वाडीतल्या तळ्याला बावखल म्हणतात. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि उन्हाळाभर वाडी त्यावर जगते. आमचं बावखल अर्धं माझं, अर्धं चुलतभावाचं. वीज गेली की दोघांचेही पंप बंद पडायचे. त्याचा बंद असताना माझा चालावा, एवढंच मला हवं होतं. ऑक्सिजनच्या निमित्ताने मी ते साधून घेतलं.

वडिलांच्या काळी बावखलावर दोन्ही घरांत मिळून एकच इंजिन होतं. ज्याची पाण्याची पाळी, त्याच्या घरी हँडल. पाळी संपली की ते दुसऱ्या घरी पोचवायचं. भांडण झालं की हँडल लपवलं जाई. धान्याच्या कणगीत, गवताच्या गंजीत, एकदा तर देव्हाऱ्यामागे. मी हे बघत मोठा झालो. नवा जनरेटर मी बावखलाकाठच्या पंपाच्या खोपीत बसवला, तिथून घरापर्यंत वायर ओढली आणि हँडलसाठी भिंतीत खिळा ठोकला. हँडल इथेच असेल, असं घरात सगळ्यांना दाखवलं. सुनेने दोनदा स्वतः हँडल मारून बघितलं. दुसऱ्या वेळेला जमलंही तिला.

पण मी बाहेर पडलो की मला चैन पडेना. चुलतभाऊ माझ्या डिझेलवर त्याची केळी भिजवतोय, असं चित्र डोळ्यांपुढे यायचं. मग मी जाताना हँडल काढून स्कूटरच्या डिकीत टाकू लागलो. परत आलो की पुन्हा खिळ्याला. घरात कुणाला बोललो नाही.

बायकोला हँडलचं ठाऊक नव्हतं, पण मला ती ओळखून होती. एकदा वीज गेली आणि मी खोपीतून हात पुसत आलो, तेव्हा नाकातली नळी सारखी करत म्हणाली, "आजवर पानी पालीनं घेतला. आता वारा पन तुमच्या पालीनं घेयाचा काय?" बोलून ती हसली, मग खोकली. मीही हसलो होतो.

त्या दुपारी मी पापडीला गेलो होतो. तिथल्या एका ओळखीच्या माणसाला जनरेटर घ्यायचा होता आणि त्याने सल्ल्यासाठी मला बोलावलं होतं. चार माणसं जमली होती. मी डिझेल आणि पेट्रोलमधला फरक समजावत होतो. वारा सुटला होता, ते दिसत होतं. तरी माझं बोलणं संपत नव्हतं. तेवढ्यात सुनेचा फोन आला.

"बाबा, वीज गेलीय. आईंना सिलिंडर लावलाय, पण तो अर्धाच आहे. हँडल कुठंय?"

आजवर मी स्वतःलाही हेच सांगत आलो की मला त्या क्षणी आठवलं नाही. आठवलं होतं. तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत आठवलं होतं. पण चार माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. आजारी बायकोच्या जनरेटरचं हँडल मी डिकीत घेऊन फिरतो, हे त्यांच्यासमोर कसं म्हणणार?

"खिळ्यालाच आहे," मी म्हणालो. "नीट बघ."

ती काही मिनिटं मी तिच्याकडून हिरावून घेतली. खरं सांगितलं असतं तर तिने लगेच शेजाऱ्याची गाडी बोलावली असती. ती बिचारी खोपीत शोधत राहिली. जमिनीवर, डिझेलच्या डब्यामागे, पाण्यात पडलं असेल म्हणून बावखलाच्या काठाला. मी निघालो, पण वाटेत फांदी पडून रस्ता अडला होता.

पोचलो तेव्हा सिलिंडर संपला होता. बायको पलंगावर उठून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. ओठ निळे. सून तिची पाठ धरून बसली होती आणि फोनवर कुणाची तरी गाडी मागत होती. मी डिकीतलं हँडल घेऊन खोपीत धावलो, ते मारलं, जनरेटर सुरू झाला. आणि मग मी हँडल खिळ्याला लावलं. त्या घाईतही ते करायला मला वेळ मिळाला.

इस्पितळात ती तीन दिवस होती. आज ना उद्या हे होणारच होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या वाक्याच्या आडोशाला मी फार दिवस बसलो.

शेजारीपाजारी खोपीत डोकावून गेले होते. हँडल त्यांना जागेवर दिसलं. बाराव्यापर्यंत बायका आपसांत बोलू लागल्या की फोनवर बोलायला सुचलं, नाकासमोरचं दिसलं नाही. सून माझ्याकडे आली. "बाबा, मी खिळा दोनदा बघितला होता हो." मी म्हणालो, "घाईत होतं असं." माझा आवाज मायेचा होता. तोच मला आता सहन होत नाही.

वर्षभरात मुलगा आणि सून फुलपाड्याला फ्लॅट घेऊन राहायला गेले. मुलगा मध्ये एकदा सांगत होता, ती गॅस बंद केलाय की नाही ते चार चारदा बघते, कुलूप लावून अर्ध्या जिन्यातून परत वर जाते. म्हणते, माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही.

गेल्या महिन्यात मी हँडल पिशवीत घालून फुलपाड्याला गेलो. मुलगा कामावर होता. मी ते टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. सुनेने हँडल उचलून हातात घेतलं.

"म्हणजे खिळा रिकामा होता."

"रिकामा होता."

तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मग ती उठली, पाणी प्यायली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला सांगून काय उपयोग, बाबा? मला तर माहीत होतं. तुम्ही ते माझ्याकडून काढून घेतलंत. आता गावात सांगा."

तिने मला चहा विचारला नाही. बरं झालं.

म्हणून हे लिहिलं. गावात ज्यांना वाचता येतं, त्यांनी बाकीच्यांना सांगावं. खिळा रिकामा होता. तिने नीट बघितलं होतं.