दशमीची एकादशी

सत्य बोलणे हे व्रत खरे; परंतु ज्याच्या शब्दावर इतरांची व्रते उभी असतात, त्याचे सत्य अधिक दुष्कर. त्याला अनवधानाचीही क्षमा नसते. निदान तो स्वतः स्वतःला ती करीत नाही. वेणीमाधवपंत या कोटीतले होते.

सोलापुरात बाळीवेशीजवळच्या लक्ष्मीनारायणाच्या लहानशा मंदिरात ते एकतीस वर्षे रोज सकाळी पंचांग वाचीत. तिथी, वार, नक्षत्र ऐकून माणसे आपापल्या कामाला लागत. साठी उलटली आणि पंतांच्या पापण्या आपोआप मिटू लागल्या, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, वाचता वाचता जिभेला जडत्व येऊ लागले. डॉक्टरांनी नाव सांगितले, मायस्थेनिया ग्रेव्हिस. शरीराची रक्षकशक्तीच स्नायूंकडे निघालेली आज्ञा वाटेत अडवीत होती. गोळीने तीन-चार तास निभत. पुढे पुन्हा ग्लानीचेच राज्य. पंत एका हाताने हनुवटी सावरीत, दुसऱ्याने एक डोळा झाकीत, आणि वाचीत. "झोपलात की काय पंत?" अशी कोणी थट्टा करी. त्यांना हसायचे असे. ओठ वर जात नसत.

एके सकाळी डोळ्यावरचा हात थकून खाली आला. ओळी एकमेकींत मिसळल्या, आणि दशमीच्या दिवशी पंतांनी एकादशी उच्चारली.

दुसऱ्या दिवशी दाराशी फुले विकणाऱ्या सोजरबाई हसतच आल्या. "पंत, शेजारची अंकिता म्हनती, एकादशी आज हाय. म्या म्हनलं, कॅलेंडरच चुकलं आसंल, आमचं पंत चुकायचं न्हाईत. कालचा उपास सोडून भाकरी खाऊन आले की!"

पंतांनी डोळा झाकून पान पाहिले.

"सोजरबाई, कॅलेंडर... बरोबर आहे."

"चाळीस वर्सांत मोडली नव्हती वो," एवढेच त्या पुटपुटल्या, मग घाईने म्हणाल्या, "जाऊ द्या की! देव काय हजेरी घेतोय व्हय?"

पंतांनी पंचांग फडक्यात बांधले. पत्नी सरोजिनीबाई म्हणाल्या, "अहो, मी ओळीवर बोट ठेवीन."

"ओळ तू दाखवशील. उच्चार माझाच ना?"

त्यानंतर ते मंदिरात येत, खांबाशी बसत, बोलत नसत. पौषात श्वासाचे स्नायूही थकले. रुग्णालयात बाराव्या दिवशी ते गेले.

आता त्या मंदिरात पंचांग वाचले जात नाही. सोजरबाई तिथी अंकिताला विचारतात.