बाबांनी नेलेली वेल

मी घर सोडलं तेव्हा बाबा द्राक्षबागेतून तसेच बसस्टँडवर आले होते, हाताला फवारणीच्या बोर्डो मिश्रणाचा निळा रंग. बस हलताना म्हणाले, "ते बोर्डो फ्रान्सात आहे म्हणे. जमलं तर बघून ये." मी पोचले जपानला. यामानाशीतल्या वाइनरीत लॅबची नोकरी, दुपारी कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, आणि घरी बोलायला फक्त व्हिडिओ कॉल.

आमचे मालक ओकादा-सान. त्यांचे पणजोबा फ्रान्समधल्या एका जुन्या इस्टेटवर वाइन करायला शिकले. ती इस्टेट तेव्हा नुकती मरणातून उठली होती. मुळं खाणारी बारीक कीड. वर पानं हिरवी, खाली वेल संपलेली. फ्रेंचांनी बागाच्या बागा उपटून जाळल्या, अमेरिकन वेलींच्या खुंटांवर कलमं बांधली. ती कीड आमच्या वाइनरीच्या मातीतही आहे. खुंट तिला पुरून उरतात, म्हणून वाइन होते. माती बाहेर जाऊ नये म्हणून बूट मात्र फाटकापाशीच बदलायचे, इतकं सोवळं.

गेल्या वर्षी मे महिन्यात बाबा आले. बूट बदलायला लावले तर म्हणाले, "देवळात चाललोय होय गं?" पिंपातली वाइन चाखून तोंड वाकडं केलं, "चांगली द्राक्षं नासवली." पण बागेत मात्र रमले.

यंदा एकदा कॉलवर त्यांनी फोन बागेत नेला. आमची जुनी बाग स्वतःच्याच मुळांवर उभी आहे, खुंट नाही. तिच्या कडेला कंबरेएवढी नवी वेल.

"ओळख पाहू! तुझ्याकडची. कुंपणाशी फुटवा होता, मुळासकट आणला, ओल्या टॉवेलात."

दुसऱ्याच्या बागेतलं चांगलं वाण उचलून आणणं आमच्याकडे चोरीत धरत नाहीत. पण मुळासकट म्हणजे मातीसकट.

"बाबा, उपटा. मातीसकट जाळा. आजच."

"अगं, किती तरारलीय! तू इथं नसतेस. म्हटलं, तुझ्या घरची वेल तरी असावी."

मी सगळं समजावलं. त्यांनी वेल जाळली आणि दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. मला फार वाईट वाटलं, आणि वेल जाळूनही सुटल्यासारखं वाटलं नाही. कीड शेजारच्या वेलींत गेली असेल तर?

आता कॉल लागला की मी तब्येतीआधी पानं दाखवायला सांगते. पानं हिरवी आहेत. पण त्याला काय अर्थ?

दिवाळीचं तिकीट काढलंय. आई विचारत होती, फराळाला काय करू. मी म्हटलं, कुदळ काढून ठेव, मुळं उघडून बघायचीत. घरी जायची इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.