तपांबराचा गुंड

वहिनीचा फोन आला तेव्हा मी मोहाडीच्या बाजारात वांगी निवडत होते. "ताई, तुमचे दादा गेले," एवढंच ती बोलली. मला आधी रागच आला. आदल्या रविवारी लाखनीला त्याच्या घरून निघताना मी त्याला बजावलं होतं, पोळ्याला येते, तोवर काही गडबड करायची नाही... पण माझं त्यानं कधी ऐकलंय?

दादा शाळेत भूगोल शिकवायचा. वातावरणाचे थर आले की आईच्या आंदणातले पाणी भरायचे पितळी गुंड ऑटोत घालून वर्गात न्यायचा आणि उतरंड रचायचा. तळाशी सर्वांत मोठा, तो तपांबर. त्यावर स्थितांबर, मध्यांबर, उष्णांबर आणि टोकाला इवलासा गडवा, बाह्यांबर. इकडे आई बोंब मारायची, "पोचे आले तं भरून देशीन काय?" एकदा एका पोरीनं त्याला अडवलं, "सर, तपांबराची जाडी तं साऱ्यात कमी. मंग गुंड मोठा काहून?" दादा खूश! "जाडी नको, हवा मोज पोरी. साऱ्यात जास्त हवा खालीच आहे, आपल्यासाठी." घरातही कुणी भांडं रिकामं म्हटलं की तो चिडायचा. "रिकामं कायले म्हणता? हवा आहे त्यात!"

शेवटी त्याची फुप्फुसंच आखडत गेली. नाकात नळी, उशाशी घरघरणारं ऑक्सिजनचं यंत्र. लाइन गेली की वहिनी धावत सिलिंडर लावायची. त्या रविवारी मी त्याची पाठ चोळत बसले होते. दुसरं करणार तरी काय? अडखळत म्हणाला, "सुमे... साऱ्यात जास्त हवा... खालीच आहे ना? मंग मले काहून... भेटून नाही राहिली?" जन्मभर त्याला उलटून बोलले, त्या दिवशी उठून खिडकी उघडायला गेले. खिडकी सताड उघडी होती. बाहेर बांधीतला धान वाऱ्यानं हलत होता.

तेरवीनंतर वहिनी भांडी आवरायला बसली. तळाचा गुंड माझ्याकडे सरकवत म्हणाली, "न्या ताई, रिकामाच आहे..." आणि दोघींनी एकदम खाटेकडे पाहिलं. आता चिडेल म्हणून. खाटेवर नुसती घडी केलेली चादर होती. मी गुंडात कोपरापर्यंत हात घातला. काठोकाठ हवा होती त्यात. त्यातली ओंजळभर त्याला देता आली नाही मला.