कागदाची मागची बाजू

त्याचं नुसतं ट्रम्पेट असतं तर मी सहन केलं असतं. पण या माणसाला दोन कला होत्या आणि मला जेमतेम अर्धी.

युद्धाच्या वर्षांत नगरच्या कॅम्पातल्या क्लबात दर शनिवारी गोरे अधिकारी नाचायचे आणि आमचा बँड जॅझ वाजवायचा. तो मिशनच्या शाळेत शिकलेला ट्रम्पेटवाला. मी एरवी मामलेदार कचेरीत कारकून, शनिवारी क्लॅरिनेट. मी कागदावरचे स्वर इमानेइतबारे वाजवायचो. तो मध्ये उसंत मिळाली की कुणाचाही कागद उलटा करून मागे व्यंगचित्रं काढायचा. ती गावातल्या साप्ताहिकात छापून यायची. एकदा त्यानं रॉकेलची रांग काढली आणि सगळ्यांच्या पुढे मामलेदारांची म्हैस उभी केली. आता हा चांगला अडकतो म्हणून मी मनातून खूश झालो, तर खुद्द मामलेदारांनी हसत हसत मूळ चित्र मागून घेतलं. मला साहेब इतक्या वर्षांनीही ‘अहो, कोण ते’ म्हणूनच हाक मारत. जळफळाट होणार नाही तर काय!

मग त्यानं मला काढलं. तोंडात क्लॅरिनेट, मान वाकडी, डोळे तिरपे त्याच्या ट्रम्पेटवर. फाडायचं म्हणून घरी आणलं, तेवढ्यात बायकोनं पाहिलं. “अहो, अगदी तुम्हीच!” म्हणत ती पदर तोंडाला लावून हसली. माझ्या कुठल्याही विनोदाला ती अशी हसलेली नाही. तिनं ते खळीनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवूनही टाकलं.

रागाच्या भरात मी मागची बाजू पाहिलीच नव्हती. एकट्यानं वाजवायची माझी एकुलती एक जागा त्याच बाजूला होती, आणि ती आता दाराला चिकटली होती. महिनाभर घासली होती मी ती, पण कागदाशिवाय मला सा सुचत नसे.

शनिवारी मी त्याला म्हटलं, कागद गेला, माझी जागा तूच घे.

“कागद कशाला लागतो, भाऊसाहेब? वाजवा की. मी हाय ना,” म्हणत त्यानं मला उभं केलं.

सुरुवात बरी गेली. मग एक स्वर असा चुकला, की बटलरनंही वर पाहिलं. ट्रम्पेटवाल्यानं आपलं वाद्य उचललं, माझा तोच चुकलेला स्वर धरला, दोनदा घोळवला आणि त्यातून असं काही काढलं, की नाचणारे थांबून टाळ्या वाजवायला लागले. त्या टाळ्या त्यानं हात करून माझ्याकडे वळवल्या. मी वाकून घेतल्याही.

त्यानं माझी लाज राखली, हे मला कळत होतं. पण माझी चूकसुद्धा त्याच्याकडे गेल्यावर सुंदर झाली, हे मी त्याला कधीच माफ केलं नाही.