मास्तरांचं उंडीचं डिझेल

जामसंड्याचे काशिनाथ मास्तर निवृत्तीनंतर उंडीच्या बियांच्या तेलातून होडीसाठी डिझेल बनवत. त्यांची बायको कावेरी ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होती. प्रत्येक बाटलीतला थेंब ती इन्फ्रारेड यंत्रावर तपासायची आणि आलेख उंडीचाच निघायचा. या वेळी मात्र तो पामतेलाचा निघाला. पुन्हा तपासलं, तरी तेच. घरी येऊन बघते, तर स्वयंपाकघरातला पामतेलाचा डबा रिकामा आणि पडवीत उंडीची पोती तशीच शिवलेली. अलीकडे मास्तर मुलीला स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारत, ते तिने हसण्यावारी नेलं होतं.

"काय इला गो? उंडीचाच मा?" मास्तरांनी विचारलं.

"होय, उंडीचाच आसा."

त्यांचा खुललेला चेहरा तिला बघवेना.